आयर्विन, हॅलिफॅक्स आणि टेबलाबाहेरची माणसे

पावसाळ्यात सांगलीकरांच्या तोंडी एक इंग्रज नाव दिवसातून दहा वेळा येते. ‘आयर्विनला किती झाले?’ असे विचारले की समोरचा फुटांत उत्तर देतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५७ च्या वर गेला, तेव्हा हे नाव साऱ्या महाराष्ट्राने दूरदर्शन संचांवर ऐकले. विचारणाऱ्याच्या मनात कोणी व्हाइसरॉय नसतो. मारुती चौकात पाणी शिरेल का, एवढीच त्याची काळजी असते. कृष्णेवरचा हा पूल संस्थानी काळातला. चिंतामणराव पटवर्धनांच्या कारकिर्दीत तो बांधला गेला आणि १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्याच हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. दिल्लीतल्या आयर्विन इस्पितळाचे नाव पुढे बदलले. सांगलीतला पूल मात्र आयर्विनच राहिला.

पुलाचे हे आयर्विन, शाळेच्या पुस्तकातल्या ‘गांधी-आयर्विन करारा’तले आयर्विन आणि हिटलरशी तडजोड करू पाहणारे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स ही एकच व्यक्ती आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळले. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जे हाती लागेल ते वाचत आलेला माणूस आहे. त्यामुळे हिंदुस्थानच्या इतिहासातले आयर्विन एका कप्प्यात आणि महायुद्धाच्या पुस्तकांतले हॅलिफॅक्स दुसऱ्या कप्प्यात, असे माझ्याकडे अनेक वर्षे होते. पुढे लक्षात आले की जाणकार लेखकांचेही पुष्कळदा असेच होते. आपल्याकडे आयर्विन म्हणजे ‘त्यातल्या त्यात सज्जन’ व्हाइसरॉय. तिकडे १९४० साली निघालेल्या ‘गिल्टी मेन’ या गाजलेल्या पुस्तकाने देश संकटात लोटणाऱ्यांच्या यादीत हॅलिफॅक्स यांचे नाव घातले. एकाच माणसाबद्दलचे हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

एक

आधी नावांचा गुंता सोडवू. एडवर्ड फ्रेडरिक लिंडली वुड यांचा जन्म १६ एप्रिल १८८१ चा. हिंदुस्थानात येण्याआधी, १९२५ मध्ये, त्यांना ‘बॅरन आयर्विन’ हा किताब मिळाला. १९३४ मध्ये वडील वारल्यावर वारसाहक्काने ते व्हायकाउंट हॅलिफॅक्स झाले आणि १९४४ मध्ये अर्ल. उमरावांच्या घराण्यात माणूस तोच राहतो आणि पाटी बदलत जाते.

आजोबा सर चार्ल्स वुड आपल्याला परके नाहीत. १८५४ चा शिक्षणविषयक ‘वुडचा खलिता’ तो त्यांचाच. त्यातून १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे उभी राहिली. वडील राजकारणापेक्षा चर्चच्या कामात रमलेले, कमालीचे धर्मनिष्ठ. एडवर्ड हा चौथा मुलगा. त्याच्या डाव्या हाताला जन्मतःच पंजा नव्हता आणि तो हात खुरटलेला होता. तिघे थोरले भाऊ एकामागोमाग एक गेले आणि नवव्या वर्षी हा मुलगा साऱ्या घराण्याचा वारस झाला. घरातला देव्हारा, तीन भावांचे मृत्यू आणि एका हाताने लगाम धरून शिकारीत पुढे राहण्याची जिद्द, यांतून एक विशिष्ट स्वभाव घडला असावा. दुःख बोलून दाखवायचे नाही, तोल सोडायचा नाही, आणि जे घडते त्यामागे काही ईश्वरी योजना आहे असे मानून आपले कर्तव्य करायचे.

पुढचा मार्ग आखीव होता. ईटन, ऑक्सफर्ड, ऑल सोल्सची फेलोशिप, १९१० पासून रिपनची खासदारकी, मग शिक्षण आणि शेती या खात्यांची मंत्रिपदे. धर्मनिष्ठा आणि कोल्ह्यांच्या शिकारीचे वेड या दोन्हींवरून, शिवाय ‘हॅलिफॅक्स’ या नावाशी यमक जुळवून, त्यांना पुढे ‘होली फॉक्स’ म्हणजे ‘पवित्र कोल्हा’ हे टोपणनाव पडले. अँड्र्यू रॉबर्ट्स यांनी १९९१ मधल्या आपल्या चरित्राला हेच शीर्षक दिले. कोल्हा म्हटले की धूर्तपणा आला. माझे वाचन असे सांगते की या माणसाचा प्रश्न धूर्तपणाचा नव्हताच. प्रश्न होता तो त्यांच्या सज्जनपणाचा, आणि तो नेमका कोणापर्यंत पोचत होता याचा.

दोन

एप्रिल १९२६ मध्ये आयर्विन व्हाइसरॉय झाले. पहिली मोठी चूक पुढच्याच वर्षी झाली. सायमन कमिशनमध्ये एकही हिंदी सभासद नको, या निर्णयाला त्यांचा पाठिंबा होता. ज्यांच्या भवितव्याचा विचार करायचा त्यांनाच खोलीबाहेर ठेवायचे, ही खोड पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे. या चुकीचे प्रायश्चित्त म्हणता येईल अशी घोषणा त्यांनी ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी केली. वसाहतीचे स्वराज्य ही हिंदुस्थानच्या घटनात्मक प्रगतीची स्वाभाविक परिणती आहे, असे तीत म्हटले होते. आज हे वाक्य मिळमिळीत वाटते. त्या वेळी त्यावरून लंडनमध्ये त्यांच्याच पक्षात वादळ उठले आणि चर्चिल तर उघड विरोधात गेले.

२३ डिसेंबर १९२९ रोजी दिल्लीजवळ क्रांतिकारकांनी व्हाइसरॉयच्या गाडीखाली बाँब उडवला. आयर्विन बचावले. त्याच दिवशी ठरल्याप्रमाणे ते गांधीजी, मोतीलाल नेहरू, जीना आणि सप्रू यांच्याबरोबर चर्चेला बसले. हा थंडपणा ढोंगी नव्हता. माणसे समोरासमोर बसली, एकमेकांच्या हेतूंवर विश्वास ठेवून बोलली, तर मार्ग निघतो, अशी त्यांची खरोखर श्रद्धा होती.

गांधीजींनी ती श्रद्धा ओळखली होती. मिठाच्या सत्याग्रहापूर्वी, २ मार्च १९३० रोजी, त्यांनी आयर्विन यांना मित्र म्हणून पत्र लिहिले आणि त्यातच त्यांच्या पगाराचा हिशेब मांडला. महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला सातशेच्या वर. आणि सामान्य हिंदी माणसाची रोजची मिळकत दोन आण्यांहूनही कमी. हे पत्र एका इंग्रज तरुणाच्या हाती पाठवले होते. उत्तर आले ते चिटणिसाच्या सहीचे, चार ओळींचे.

मग दांडी झाली, मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली, आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी तिथे गोळीबार झाला, लोक खवळले, पोलीस चौक्या आणि कोर्ट जळाले. काही दिवस शहरात सरकार उरलेच नाही. त्यावर मार्शल लॉ आला. त्यासाठीचा वटहुकूम काढला तो व्हाइसरॉयने, म्हणजे आयर्विन यांनी. त्याच महिन्याच्या १ तारखेला त्यांनी आणखी एक वटहुकूम काढला होता. लाहोर कटाच्या खटल्यासाठी तीन न्यायाधीशांचे खास न्यायमंडळ, आरोपी हजर नसले तरी कामकाज चालवण्याची मुभा, आणि निकालावर हायकोर्टात अपील नाही. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना ७ ऑक्टोबर १९३० रोजी फाशीची शिक्षा झाली ती या न्यायमंडळाकडून.

सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. त्या दिवशी गांधीजी त्याच येरवडा तुरुंगात होते. पुढे दोन आठवड्यांनी, २६ जानेवारीला, त्यांची सुटका झाली आणि फेब्रुवारीच्या मध्यावर ते दिल्लीत आयर्विन यांच्यासमोर बसले. येरवड्याच्या एकाच दारातून चार देह बाहेर आले आणि वाटाघाटींचा पाहुणाही बाहेर आला. आपली पाठ्यपुस्तके या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर सांगतात, म्हणून त्यांतले अंतर अवघे चौदा दिवसांचे आहे हे आपल्या ध्यानात येत नाही.

१७ फेब्रुवारीला सुरू झालेल्या भेटींतून ५ मार्चचा करार निघाला. हिंसेचा आरोप नसलेले कैदी सुटणार, किनाऱ्यावरच्या लोकांना घरगुती वापरासाठी मीठ करता येणार, शांततेने निदर्शने करता येणार, काँग्रेस सत्याग्रह थांबवून गोलमेज परिषदेला जाणार. पोलिसी अत्याचारांच्या चौकशीची मागणी मात्र आयर्विन यांनी मान्य केली नाही. चर्चिल यांना या भेटींचाच संताप आला. व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढणारा ‘अर्धनग्न फकीर’ ही त्यांची शेरेबाजी याच वेळची. आयर्विन यांचे श्रेय इथे मोकळेपणी द्यायला हवे. साम्राज्याचा प्रतिनिधी एका सत्याग्रह्याशी बरोबरीच्या नात्याने बसतो, हे त्याआधी घडले नव्हते, आणि आपल्या पक्षाचा रोष ओढवून घेऊन ते घडवणारा हा माणूस होता.

भगतसिंगांचा विषय या भेटींत निघाला. आपल्यापुढे तीन मार्ग होते असे आयर्विन यांनी नंतर सांगितले. काही न करता फाशी होऊ द्यावी, शिक्षा कमी करावी, किंवा काँग्रेसचे कराची अधिवेशन होईपर्यंत निर्णय लांबवावा. शिक्षा कमी करणे त्यांना पटत नव्हते, आणि लांबवणे म्हणजे लोकांना खोटी आशा दाखवणे, म्हणून ते अप्रामाणिक वाटले. २३ मार्चला फाशी झाली.

हा युक्तिवाद मी अनेकदा वाचला आणि प्रत्येक वेळी तो मला एका जागी टोचला. निर्णय काही दिवस लांबवणे ज्यांच्या सचोटीला रुचले नाही, त्यांनीच दहा महिन्यांपूर्वी अपिलाचा हक्क काढून घेणारा वटहुकूम काढला होता. कायद्याच्या आड मी येणार नाही असे म्हणताना, हा कायदा मीच तसा केला, हे त्यांना आठवलेले दिसत नाही. आयर्विन खोटे बोलत नव्हते. समोर बसलेल्या गांधीजींशी ते पूर्ण प्रामाणिक होते. पण त्यांचा प्रामाणिकपणा समोर बसलेल्यापुरता होता. कोठडीत बसलेला माणूस त्याच्या कक्षेत येत नव्हता.

तीन

आता दुसरा कप्पा उघडू. नोव्हेंबर १९३७. बर्लिनला शिकारीचे एक प्रदर्शन भरले होते आणि शिकारप्रेमी हॅलिफॅक्स यांना त्याचे बोलावणे होते. त्या निमित्ताने १९ तारखेला ते बेर्ख्तेसगाडेनला हिटलरला भेटले. गाडीच्या खिडकीतून त्यांना काळी विजार आणि रेशमी मोजे घातलेले पाय दिसले. दाराशी उभा असलेला नोकर समजून ते टोपी आणि कोट त्याच्या हाती देणार, एवढ्यात जर्मन परराष्ट्रमंत्री कानात कुजबुजले की हेच फ्यूरर.

हा किस्सा सगळे सांगतात, कारण तो गमतीदार आहे. त्या भेटीतला दुसरा प्रसंग आपल्याला अधिक जवळचा आहे. हिंदुस्थानचा प्रश्न कसा सोडवावा यावर हिटलरने माजी व्हाइसरॉयला सल्ला दिला: गांधींना गोळी घाला; तेवढ्याने भागले नाही तर काँग्रेसचे डझनभर पुढारी मारा; तरी भागले नाही तर दोनशे मारा. ज्यांनी सहा वर्षांपूर्वी गांधीजींशी करार केला होता, त्यांनी हे ऐकून घेतले. या माणसाची आणि आपली मूल्ये वेगळी आहेत, आपण वेगळ्याच भाषेत बोलतो आहोत, असे त्यांनी टिपून ठेवले. इतके स्पष्ट दिसूनही ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि डान्झिग इथल्या व्यवस्थेत शांततेच्या मार्गाने बदल व्हायला ब्रिटनची हरकत नाही, असे ते बोलून गेले. गोअरिंग त्यांना लोभस वाटला. गोबेल्सचा तिटकारा यायला हवा होता, तो आला नाही, याचे त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटले.

इथे सर्वसाधारण टीका अशी असते की हॅलिफॅक्स यांनी हिटलरला गांधी समजण्याची चूक केली. दिल्लीत साधले ते बर्लिनमध्ये साधेल असे त्यांना वाटले. ही टीका अर्धीच खरी आहे. दिल्लीत जे साधले त्याचे निम्मे भांडवल गांधीजींचे होते. गांधीजींनी स्वतःला आधीच बांधून घेतले होते: हिंसा नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही, प्रतिपक्षाचा द्वेष नाही. अशा माणसाशी सभ्यपणे वागणाऱ्याला सभ्यपणाचे फळ मिळते. ते फळ आपल्याच झाडाचे, असे हॅलिफॅक्स समजून चालले. हिटलरने स्वतःला कशानेच बांधले नव्हते, म्हणून तिथे सभ्यपणाला फळ धरले नाही.

राहिलेला अर्धा भाग अधिक गंभीर आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये ईडन यांनी राजीनामा दिल्यावर हॅलिफॅक्स परराष्ट्रमंत्री झाले, आणि सप्टेंबरात म्युनिकचा करार झाला. चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडण्याचा निर्णय चार सत्तांनी घेतला. चेक प्रतिनिधी त्याच शहरात थांबून होते, त्यांना खोलीत घेतले गेले नाही. निकाल नंतर कळवला गेला. हॅलिफॅक्स स्वतः म्युनिकला गेले नव्हते. पण रीत तीच होती, सायमन कमिशनची. टेबलाशी कोण बसणार हे बलवान ठरवणार, आणि किंमत टेबलाबाहेरचे मोजणार.

चार

एवढ्यावर थांबलो तर मीही एकतर्फी निकाल देणाऱ्यांत जमा होईन. या माणसाच्या आयुष्यात असे काही प्रसंग आहेत जिथे त्यांचे अंतःकरण टेबलाबाहेर पोचले.

पहिला म्युनिकच्या आधीच्या आठवड्यातला. हिटलरने मागण्या वाढवल्या होत्या आणि चेंबरलेन त्या मान्य करायला तयार होते. २४ सप्टेंबरच्या रात्री परराष्ट्र खात्याचे वरिष्ठ अधिकारी कॅडोगन यांनी हॅलिफॅक्स यांना खडसावले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळात, ज्यांचे ते सर्वांत विश्वासू सहकारी होते त्या चेंबरलेन यांच्यासमोर, त्यांनी सांगितले की चेक लोकांवर या अटी स्वीकारण्यासाठी दबाव आणणे आपल्याला पटत नाही. चेंबरलेन यांना हा मोठा धक्का होता. म्युनिक टळले नाही, पण मार्च १९३९ मध्ये पोलंडला हमी देण्यापर्यंत ब्रिटिश धोरण वळले, त्यात या बदललेल्या हॅलिफॅक्स यांचा वाटा मोठा आहे. त्यांना निव्वळ दुबळा तडजोडवादी मानायला रॉबर्ट्स नकार देतात, ते मला या बाबतीत पटते.

दुसरा प्रसंग ९ मे १९४० चा. चेंबरलेन जाणार हे ठरले होते. राजाचा, हुजूर पक्षातल्या अनेकांचा आणि खुद्द चेंबरलेन यांचा कल हॅलिफॅक्स यांच्याकडे होता. पंतप्रधानपद हाताच्या अंतरावर असताना त्यांनी ते नाकारले. लॉर्डांच्या सभागृहात बसून युद्धकाळात देश चालवता येणार नाही, हे कारण त्यांनी दिले. ते खरे होतेच. पण आपण त्या कामाचे नव्हे, चर्चिल आहेत, ही जाणीवही त्यात असावी.

आणि अडीच आठवड्यांत तेच हॅलिफॅक्स पुन्हा जुन्या वाटेला लागले. फ्रान्स कोसळत होता, फौज डंकर्कला अडकली होती. २६ ते २८ मे या तीन दिवसांत पाच जणांच्या युद्धमंत्रिमंडळात त्यांनी आग्रह धरला की इटलीच्या मध्यस्थीने निदान अटी तरी कळू द्याव्यात. देशाचे स्वातंत्र्य शाबूत राहत असेल तर त्या ऐकायला काय हरकत आहे? राजीनाम्यापर्यंत गोष्ट गेली. चर्चिल यांनी त्यांना बागेत नेऊन समजावले आणि शेवटी मंत्रिमंडळाला आपल्या बाजूने वळवले. हॅलिफॅक्स यांचा प्रश्न वेडगळ नव्हता. लाखो जीव पणाला लागले असताना तो कोणीतरी विचारायलाच हवा होता. चूक होती ती वाटाघाटीच्या टेबलावरच्या त्यांच्या विश्वासात. एकदा त्या टेबलाशी बसले की उठता येत नाही, हे चर्चिल यांना कळले होते. हरल्यावर मात्र हॅलिफॅक्स यांनी कारस्थान केले नाही. २२ जुलैला हिटलरचा तहाचा प्रस्ताव नभोवाणीवरून फेटाळणारे भाषण त्यांनीच केले.

जानेवारी १९४१ मध्ये चर्चिल यांनी त्यांना राजदूत म्हणून वॉशिंग्टनला धाडले. ती एक प्रकारची पाठवणीच होती. त्यांनी ते काम पाच वर्षे नेटाने केले. त्याच काळात एक मुलगा इजिप्तमध्ये युद्धात मारला गेला आणि दुसऱ्याचे दोन्ही पाय गेले. लहानपणी तीन भाऊ गमावताना शिकलेला संयम त्यांनी इथेही सोडला नाही. १९५७ मध्ये आलेले ‘फुलनेस ऑफ डेज’ हे त्यांचे आत्मवृत्त त्याच वळणाचे आहे. शांत, नीटस, आणि अडचणीच्या प्रसंगांवरून अलगद पुढे सरकणारे.

पाच

शेवटचा प्रसंग आपल्याशी पुन्हा जोडणारा आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये ॲटली सरकारने जाहीर केले की जून १९४८ पर्यंत ब्रिटन हिंदुस्थान सोडणार. लॉर्डांच्या सभागृहात याविरुद्ध ठराव आला. तिथे बहुमत हुजूर पक्षाचे होते, आणि ठराव संमत झाला असता तर सरकारची नामुष्की झाली असती. तेव्हा हॅलिफॅक्स उठले. यापेक्षा चांगला मार्ग माझ्यापाशी नाही, आणि तो नसताना या मार्गाचा निषेध करायला मी तयार नाही, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. सभागृहाचा रंग पालटला आणि ठराव मागे घेतला गेला. आयुष्यभर टेबलाशी बसण्याचा मान ज्यांना जन्माने मिळाला होता, त्यांनी इथे स्वतः उठून जागा रिकामी करण्याच्या बाजूने शब्द टाकला. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे भाषण हे आहे. २३ डिसेंबर १९५९ रोजी ते वारले. दिल्लीजवळच्या त्या बाँबला बरोबर तीस वर्षे झाली होती.

मग निकाल काय? ‘सज्जन व्हाइसरॉय’ हा आपला निकाल अपुरा आहे, आणि ‘गुन्हेगार मंत्री’ हा तिकडचाही. दिल्लीत आणि बेर्ख्तेसगाडेनला बसलेला माणूस एकच होता आणि त्याचा सज्जनपणाही एकच होता. तो खरा होता, पण त्याला समोर चेहरा लागत असे. राज्यकर्त्याची परीक्षा, तो पाहुण्याशी कसा बोलतो यावर आपण पुष्कळदा करतो. सौजन्याने बोलणारा, चहा पाजणारा, विरोधकाला मित्र म्हणू देणारा पुढारी आपल्याला आवडतो, आणि त्या भरात त्याने सही केलेले वटहुकूम वाचायचे राहून जातात. ही सवय काही १९३१ बरोबर संपलेली नाही.

पुलाचे नाव बदलावे असे मला वाटत नाही. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत आणि सांगलीत आयर्विन पूल आहे. दोन्ही असू द्यावेत, फक्त त्यांच्यातले नाते ठाऊक असावे. पुढच्या पावसाळ्यात कोणी ‘आयर्विनला किती झाले?’ असे विचारील, तेव्हा मी फूट सांगेनच. ऐकणाऱ्याला वेळ असला, तर चौदा दिवसांची ती गोष्टही सांगेन.